सहावीतल्या मुलीला शाळेच्या ब्रास बँडसाठी कोणतं वाद्य द्यावं? ट्रंपेट की ट्रॉम्बोन?

डिचोलीची_आई

नमस्कार मंडळी. माझी मुलगी यंदा सहावीत गेली आणि शाळेच्या ब्रास बँडमध्ये तिची निवड झाली. याआधी तिने फुंकून वाजवायचं कुठलंच वाद्य हातात घेतलेलं नाही. सूर मात्र चांगला कळतो. आजोबा भजनी मंडळात गातात, घरी हार्मोनियम आहे, लहानपणापासून ती त्यांच्या शेजारी बसून गाते.

बँडच्या सरांनी ट्रंपेट, ट्रॉम्बोन आणि युफोनियम या तिन्हींपैकी एक निवडायला सांगितलं आहे. जमत असेल तर स्वतःचं घ्या, नाहीतर शाळेचं मिळेल, असं म्हणाले. बहुतेक पालक ट्रंपेटच निवडताहेत. माझ्या यजमानांचंही तेच मत, कारण वाद्य लहान आहे आणि बसमधून नेता येतं. मुलीचा जीव मात्र ट्रॉम्बोनवर जडला आहे. तिची अंगकाठी बारीक आहे, हात काही फार लांब नाहीत. शिवाय पुढच्या वर्षी दातांना तारा बसवायच्या आहेत.

आमच्या नात्यागोत्यात बँडमधलं कुणी नाही, त्यामुळे कुणाला विचारावं कळत नाही. मुलीच्या आवडीला किती महत्त्व द्यायचं आणि शरीराच्या ठेवणीला किती? जाणकारांनी कृपया सांगावं.

सासष्टीचा_बँडवाला

ताई, मी शाळांमध्ये बँड शिकवतो आणि फेस्तांच्या, म्हणजे चर्चच्या सणांच्या, बँडमध्ये वाजवतो. प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्या पितळी वाद्यांचं मूळ एकच. ओठ मिटून त्यांच्यामधून हवा सोडली की ओठ थरथरतात, ती थरथर माउथपीसमधून नळीत जाते आणि नळी तिचा सूर घडवते. आपल्या देवळातलं शिंग, मिरवणुकीतली तुतारी, कवायतीतला बिगुल, सगळं याच तत्त्वावर वाजतं. नळीची लांबी कायम असली तर मोजकेच सूर निघतात. बिगुलावर सा, प, वरचा सा, वरचा ग, वरचा प, एवढ्यावरच भागवावं लागतं. मधले सूर हवे असतील तर नळी लांब करावी लागते. ट्रंपेट, युफोनियम आणि ट्युबा यांत ते काम व्हॉल्व्ह, म्हणजे बोटांनी दाबायची बटणं, करतात. मधला व्हॉल्व्ह दाबला की सूर अर्ध्या स्वराने उतरतो, पहिला दाबला की पूर्ण स्वराने आणि तिसरा दाबला की दीड स्वराने. जर्मनीत श्टोल्झेल आणि ब्लूमेल या दोघांनी १८१८ मध्ये व्हॉल्व्हचं पेटंट घेतलं. त्याआधी शतकानुशतकं ट्रॉम्बोन स्लाइडवर, म्हणजे पुढेमागे सरकणाऱ्या नळीवर, सगळे सूर वाजवत होताच.

आता मुलांच्या दृष्टीने फरक बघा. ट्रंपेटची नळी सरळ केली तर साधारण साडेचार फूट भरते. ट्रॉम्बोन आणि युफोनियमची नऊ फूट, म्हणून ते बरोबर एक सप्तक खाली बोलतात. तुमच्या घरी सरगम येते, तर त्याच भाषेत सांगतो. ट्रंपेटवर पहिलं सप्तक असं: सा मोकळा (कुठलाच व्हॉल्व्ह न दाबता), रे पहिला-तिसरा, ग पहिला-दुसरा, म पहिला, प पुन्हा मोकळा, ध पहिला-दुसरा, नी दुसरा, वरचा सा मोकळा. म्हणजे सा, प आणि वरचा सा तिन्हींची बोटं सारखीच. कुठला निघणार हे ओठ आणि हवा ठरवतात. ट्रंपेट दिसायला सोपा वाटतो, पण खरी मेहनत इथे आहे.

ट्रॉम्बोनवर बटणंच नाहीत. स्लाइडच्या सात जागा असतात आणि त्या कुठेही आखलेल्या नसतात. सा पहिल्या जागेवर, रे सहाव्या, ग चौथ्या, म तिसऱ्या, प पहिल्या, ध चौथ्या, नी दुसऱ्या, वरचा सा पहिल्या. हात इंचभर इकडेतिकडे गेला की सूर बेसूर होतो आणि तो कानानेच सावरायचा असतो. ज्या मुलाला गायची सवय आहे त्याला हे आतून कळतं, मींड कशी घ्यायची हे वेगळं शिकवावं लागत नाही. तुमच्या मुलीचं गाणं इथे तिच्या बाजूने आहे.

अडचण दुसऱ्याच सुरावर आहे. रे सहाव्या जागेवर, म्हणजे हात जवळजवळ पूर्ण लांब. सातवी जागा तर पहिलीपासून सुमारे दोन फुटांवर. बारीक अंगाच्या मुलांचा हात पाचव्या जागेपर्यंत आरामात जातो, सहाव्या जागेला खांदा ओढावा लागतो. त्यामुळे ट्रॉम्बोन बाद होतो असं नाही, वर्षा-दोन वर्षांत हात वाढतो. पण सुरुवातीला सरांनी धडे त्या हिशेबाने निवडायला हवेत.

युफोनियमबद्दल कुणी फारसं बोलत नाही याचं मला वाईट वाटतं. माउथपीस मोठा, आवाज गोल आणि मऊ, बोटं ट्रंपेटसारखीच. नवख्या मुलाच्या ओठांना ते सांभाळून घेतं. वजन मात्र तीन-चार किलो. बसून वाजवताना त्रास नाही, संचलनात लहान मुलं दमतात.

माझं मत विचाराल तर आधी ओठ आणि कान बघा, मग हात. पैशाचा विचार सगळ्यात शेवटी. काहीही विकत घेण्यापूर्वी तिन्ही माउथपीस तिच्या ओठांना लावून बघा.

म्हापसा_ट्रंपेट

सासष्टीच्या सरांबद्दल आदर आहे, पण मी ट्रंपेटची बाजू मांडतो.

गोव्यात ट्रंपेट शिकवणारा माणूस जवळपासच्या गावात सापडतो. फेस्ताच्या पहाटेची आल्वोराद (बँडची फेरी) असो, तियात्राचा, म्हणजे कोकणी नाटकाचा, बँड असो की लग्नाची वरात, पुढे ट्रंपेट असतोच. हळदोण्याचा ट्रंपेटवाला चिक चॉकलेट (जन्म १९१६) इथूनच मुंबईला गेला आणि अमेरिकेतल्या प्रसिद्ध ट्रंपेटवाल्याच्या नावावरून त्याला लोक भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. ही परंपरा म्हणजे नुसता अभिमान नव्हे, तिचा रोजचा उपयोग आहे. मूल अडलं तर दाखवणारा शेजारी मिळतो, व्हॉल्व्ह अडकला तर मोकळा करून देणारा मिळतो.

पहिल्या वर्षात ओठांची ठेवण बिघडली तर पुढे ती मोडून पुन्हा बसवणं फार कठीण जातं. म्हणून कोणतं वाद्य यापेक्षाही आठवड्यातून निदान एकदा समोर बसून ऐकणारा जाणकार आहे का, हे मी आधी विचारेन. डिचोलीत ट्रॉम्बोन शिकवणारं कोण आहे?

सासष्टीचा_बँडवाला

म्हापसेकर, शिक्षकाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण पहिल्या वर्षात जे शिकवायचं असतं, म्हणजे श्वास पोटातून घेणं, गाल न फुगवणं, ओठांचे कोपरे घट्ट आणि मधला भाग सैल ठेवणं, जिभेने सूर सुरू करणं, ते सगळ्या ब्रासला सारखंच. चांगला ट्रंपेटवाला ट्रॉम्बोनच्या मुलाची पायाभरणी करू शकतो. स्लाइडची पकड आणि जागा दाखवायला मधूनमधून ट्रॉम्बोनवाला भेटला तरी चालतं. पोलीस किंवा लष्करी बँडमधून निवृत्त झालेल्यांकडे चौकशी करा, त्यांच्यातले बरेच जण खाली बसवून शिस्तीत शिकवतात.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. शाळेच्या बँडमध्ये सगळीच मुलं ट्रंपेटवर गेली की वरचा सूर किंचाळत राहतो आणि खाली पाया नसतो. मधल्या आणि खालच्या आवाजाचं मूल सरांना जपावंच लागतं. त्याला जागा लवकर मिळते आणि लक्षही जास्त मिळतं.

फोंड्याची_दंतवैद्य

तारांबद्दल मी लिहिते, कारण माझ्याकडे बँडमधली मुलं येतात.

ट्रंपेटच्या माउथपीसचा आतला व्यास साधारण १६ ते १७ मिलिमीटर असतो, ट्रॉम्बोनचा साधारण २५, ट्युबाचा ३० च्या वर. कडा जितकी लहान, तितका दाब ओठाच्या कमी भागावर येतो, आणि नेमक्या त्याच भागामागे तारांचे ब्रॅकेट असतात. नवशिक्या मुलांना वरचा सूर निघेना की ती वाद्य ओठांवर दाबतात. तारा असताना त्यामुळे ओठ आतून सोलतो. मोठ्या माउथपीसवर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

याचा अर्थ तारा असल्यावर ट्रंपेट वाजवता येत नाही असा नाही. ब्रॅकेटवर लावायचं मेण मिळतं, पहिले काही आठवडे सराव थोडा थोडा करायचा, आणि वरचे सूर सोडून मधल्या सुरांवर थांबायचं. तारा काढल्यावर पुन्हा एकदा ओठांना नवी सवय लावावी लागते, हेही मुलीला आधी सांगून ठेवा म्हणजे ती घाबरणार नाही. समोरचे कायमचे दात पूर्ण आलेले असणं जास्त महत्त्वाचं. सहावीच्या मुलीचे ते आलेले असतात. तारा बसवणाऱ्या डॉक्टरांना मात्र ती ब्रास वाजवते हे पहिल्याच भेटीत सांगा.

पर्वरीकर

एक विचारू का? ओठ जाड असतील तर ट्रंपेट जमत नाही असं ऐकलं होतं. खरं आहे का? आणि फ्रेंच हॉर्नचं नाव कुणीच कसं घेतलं नाही?

म्हापसा_ट्रंपेट

ओठांच्या जाडीवरून काही ठरत नाही. आर्मस्ट्राँगचेच फोटो बघा. ओठ कसे मिटतात आणि किती सहज थरथरतात एवढंच बघायचं.

फ्रेंच हॉर्नचा आवाज मला सगळ्यात आवडतो, पण पहिलं वाद्य म्हणून देऊ नये. एफ पट्टीच्या फ्रेंच हॉर्नची नळी सुमारे बारा फूट आणि माउथपीस ट्रंपेटएवढा लहान. वाजवायचं असतं ते नळीच्या वरच्या सुरांमध्ये, जिथे एकाच बोटावरचे सूर एकमेकांना अगदी खेटून असतात. मुलाने प वर नेम धरला की शेजारचा सूर लागतो. ज्याच्या मनात सूर वाजवण्याआधीच पक्का उमटतो, त्यानेच दोनेक वर्षांनी तिकडे वळावं. त्यापेक्षा लहान मुलांसाठी कॉर्नेटचा विचार करा. नळी ट्रंपेटएवढीच, बोटंही तीच, पण गुंडाळी आखूड असल्याने वाद्य अंगाजवळ राहतं आणि लहान हातांना तोललं जातं. आवाजही मऊ. पुढे ट्रंपेटवर जायला काहीच अडत नाही.

डिचोलीची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. दंतवैद्य ताईंनी लिहिलेलं वाचून यजमानही विचारात पडले. सर, माउथपीस लावून बघायचं म्हणजे नक्की काय बघायचं? शाळेच्या सरांकडे ते मागता येईल, पण आपल्याला काय कळणार?

सासष्टीचा_बँडवाला

तुम्हाला कळेल, काळजी नको. माउथपीस आधी साबणाच्या पाण्याने धुवून घ्या.

पहिल्यांदा माउथपीसशिवाय ओठांची फुर्र करायला सांगा. लहान बाळं करतात तशी सैल फुर्र नको, ओठांचे कोपरे धरून, मधूनच बारीक हवा जाईल अशी. मग ट्रंपेटचा माउथपीस दोन बोटांत हलका धरून तीच फुर्र त्यात करायची. मग ट्रॉम्बोनचा. मध्ये मध्ये थांबायला द्या, नवख्या ओठांचे स्नायू लगेच थकतात आणि मग चुकीचा निकाल मिळतो.

कुठल्या माउथपीसवर आवाज पटकन आणि भरलेला निघतो ते ऐका. काही मुलांचा सूर आपोआप वर जातो, ओठ घट्ट आणि चपळ असतात. त्यांना ट्रंपेट मानवतो. काहींचा सूर खाली, रुंद आणि सैल येतो. ती ट्रॉम्बोन-युफोनियमची मुलं. यानंतर आजोबांना हार्मोनियमवर एक सूर धरायला सांगा आणि तिला तो माउथपीसवर मिळवायला सांगा. पोचली किंवा जवळ आली तर ट्रॉम्बोनला लागणारा कान तिच्याकडे आहे.

शेवटी हात. ट्रॉम्बोन डाव्या हाताने तोलून धरायचा, उजव्याने स्लाइड हलवायची. सहाव्या जागेला जाताना वाद्याचं तोंड वाकडं होतं का, मान वळते का, ते बघा. मान वळत असेल तर सध्या थांबलेलं बरं.

एका बैठकीत पक्का निकाल लागत नाही. थोड्या दिवसांनी पुन्हा करून बघा. आणि मुलीला स्वतःला कोणता आवाज आवडतो ते विचारा. घरी रोज तो आवाज तिलाच काढायचा आहे. मन लागलं नाही तर वाद्य पेटीतच राहतं, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

सांगेचा_पालक

पेटीतच राहतं हे अगदी खरं. सरावाला मात्र लांबलचक बैठक नको. आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ पंधरा-पंधरा मिनिटं असा नियम आहे, मधे ओठांना विश्रांती. आणि भाजी-पाव खाऊन लगेच वाजवायला बसू देऊ नका, आधी चूळ भरायची. खाल्लेलं सगळं नळीत जाऊन बसतं.

डिचोलीची_आई

शाळेत जाऊन आलो. सरांनी दोन्ही वाद्यं काढून दिली आणि शांतपणे वेळ दिला.

ट्रंपेटच्या माउथपीसवर सूर निघाला, पण बारीक आणि दाबलेला. दोन-तीन वेळा फुंकल्यावर ती ओठ चोळायला लागली. ट्रॉम्बोनच्या माउथपीसवर पहिल्याच फुंकीला असा भरदार आवाज आला की बाहेर उभी असलेली मुलं डोकावली. सरांनी स्वतः सूर गाऊन दाखवला, तो तिने दुसऱ्या खेपेला पकडला. हात पाचव्या जागेपर्यंत नीट जातो, सहाव्याला खांदा पुढे येतो पण मान वळत नाही. सर म्हणाले, वर्षअखेरपर्यंत शाळेचाच ट्रॉम्बोन घरी न्या, नंतर ठरवा. यजमानांनी तिथेच होकार दिला.

आता पुढचा प्रश्न. वर्षभराने घ्यायचा झाला तर काय बघायचं? नातेवाईक म्हणतात ऑनलाइन स्वस्त मिळतो. एकांकडे घरात पडून असलेला जुना आहे, तोही देऊ म्हणतात.

मडगावचा_दुकानदार

वाद्यांच्या विक्रीत बरीच वर्षं आहे, म्हणून लिहितो. कुणा एकाचं नाव पुढे करायचा हेतू नाही.

बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. मेरठच्या जली कोठी भागात बनणारी वाद्यं, जी देशभरातले लग्नाचे बँड वाजवतात. चीनमध्ये बनलेली, वेगवेगळ्या नावांनी विकली जाणारी. आणि यामाहा किंवा ज्युपिटरसारख्या कंपन्यांची विद्यार्थ्यांसाठीची मॉडेलं, उदाहरणार्थ ट्रंपेटमध्ये यामाहाचं वायटीआर-२३३० आणि ट्रॉम्बोनमध्ये वायएसएल-३५४. तिसऱ्या प्रकाराची किंमत पहिल्या दोन्हींच्या कितीतरी पट असते, पण ती वापरून झाल्यावरही चांगल्या भावात विकली जातात. पहिल्या दोन प्रकारांत एकाच नावाच्या दोन नगांत फरक असू शकतो, म्हणून हातात घेऊन, वाजवून बघितल्याशिवाय घेऊ नये. ऑनलाइन घेताना नेमकं हेच करता येत नाही. मुंबईला जाणं होत असेल तर धोबीतलावच्या दुकानांत वेळ काढा, आणि वाजवणाऱ्याला बरोबर न्या.

ट्रॉम्बोनमध्ये स्लाइड म्हणजे सर्वस्व. वाद्य उभं धरा, खालची बाजू हाताने सांभाळत लॉक उघडा आणि स्लाइड हळूच सोडा. ती घसरत खाली यायला हवी. मध्येच अडखळली, खरखरली तर नळी वाकलेली किंवा चेपलेली आहे. बाकी कुठे पोचा असला तर चालवून घेता येतं, स्लाइडवरचा पोचा नको. स्लाइड सरळ करणारा कारागीर सहज मिळत नाही.

ट्रंपेट बघणाऱ्यांसाठी: व्हॉल्व्ह न दाबता त्याची छोटी स्लाइड इंचभर बाहेर ओढा, मग व्हॉल्व्ह दाबा. 'पॉप' असा आवाज आला म्हणजे व्हॉल्व्ह हवा धरतो. आवाजच नाही तर तो झिजलेला आहे. तिसऱ्या स्लाइडला बोट अडकवायची कडी आहे आणि ती सहज हलते का हेही बघा. खालचा रे पहिल्या-तिसऱ्या व्हॉल्व्हवर चढा लागतो, तो त्या कडीनेच उतरवायचा असतो.

जुन्या वाद्याबद्दल सावध राहा. पितळेवर गुलाबी-तांबूस ठिपके दिसले तर धातूतलं जस्त निघून चाललंय असं समजा. माउथपीसजवळच्या नळीवर ते असतील तर घेऊ नका. दुसरं, जुनी ब्रिटिश धाटणीची बँडवाद्यं चढ्या पट्टीची असू शकतात. तिथले ब्रास बँड १९६० च्या दशकापर्यंत ए ४५२ च्या (म्हणजे ए हा सूर सेकंदाला ४५२ कंपनांच्या) आसपास वाजवायचे. आजच्या ए ४४० शी तुलना केली तर जवळजवळ पाव स्वर चढं. ट्यूनिंग स्लाइड कितीही बाहेर काढली तरी ते शाळेच्या बँडशी नीट जुळत नाही. मोबाइलवरचा ट्यूनर लावून पहिल्या जागेवरचा बी फ्लॅट (म्हणजे ट्रॉम्बोनचा सा) तपासा, पाच मिनिटांत कळेल.

पर्वरीकर

प्लास्टिकचे रंगीत ट्रॉम्बोन मिळतात ते कसे असतात? आणि त्या मागे गुंडाळलेल्या जादा नळीचं काय? माझा भाचा त्याच्यासाठी हट्ट धरून बसलाय.

सासष्टीचा_बँडवाला

प्लास्टिकमधला पीबोन जेमतेम आठशे ग्रॅमचा आहे, आदळला-आपटला तरी फारसं बिघडत नाही, आणि आवाज वाटतो त्यापेक्षा चांगला. लहान मुलाच्या डाव्या हाताला मोठाच आराम. पण लांबी नेहमीच्या ट्रॉम्बोनएवढीच, म्हणजे सहाव्या जागेचा प्रश्न तसाच. त्यांचाच मिनी नावाचा छोटा प्रकार ई फ्लॅटमध्ये येतो. त्याची स्लाइड आखूड आहे, पण पट्टी वेगळी, म्हणून बँडच्या नोट्स त्याच्यासाठी बदलून लिहाव्या लागतात. सरांना विचारल्याशिवाय तो घेऊ नका.

मागची नळी म्हणजे एफ अटॅचमेंट. डाव्या अंगठ्याने दाबली की तोच सहाव्या जागेचा रे पहिल्या जागेवर निघतो. आखूड हातांसाठी उत्तम सोय, पण वजन वाढतं आणि ते सगळं डाव्या मनगटावर येतं. किंमतही वाढते. पहिल्या वर्षी साधाच घ्या. भाच्याचा हात आणि मनगट भरलं की मग बघा.

अजून एक, ट्रॉम्बोनच्या माउथपीसचा दांडा बारीक आणि जाड अशा दोन मापांत येतो. विद्यार्थ्यांच्या ट्रॉम्बोनला बहुधा बारीकच लागतो. नवीन माउथपीस घेताना वाद्य बरोबर न्या. नवशिक्यासाठी साडेसहा एएल हे माप सर्रास वापरतात, ट्रंपेटला सात सी.

पेडणेकर

माझा मुलगा शाळेच्या बँडमध्ये युफोनियम वाजवतो. पावसाळ्यातली निगा यावर कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवाच ओली असते, त्यात पेटीला आतून बुरशी येते. वाजवून झाल्यावर पाण्याची झडप उघडून नळीतलं पाणी फुंकून काढा, वाद्य बाहेरून मऊ कापडाने पुसा आणि पेटी थोडा वेळ उघडी ठेवा. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. घामेजल्या हातांनी लॅकर (पितळेवरचा पारदर्शक लेप) उडतं आणि तिथून पितळ काळं पडायला लागतं. मिरामारसारख्या ठिकाणी समुद्राच्या वाऱ्यात वाजवून आलात तर त्याच दिवशी पुसा.

महिन्यातून एकदा कोमट पाणी, सौम्य साबण आणि लांब लवचीक ब्रश घेऊन आतून धुवायचं. कडकडीत पाणी नको, लॅकर सुटतं. आणि घरातल्या बायामाणसांना आधीच सांगून ठेवा की याला चिंच, पितांबरी, ब्रासो काहीही लावायचं नाही. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी समया घासायला काढतात तेव्हा हौसेने कुणीतरी हेही घासून ठेवतं आणि लॅकर कायमचं जातं.

व्हॉल्व्हला व्हॉल्व्ह ऑइलच, स्लाइडला स्लाइडचं क्रीम किंवा तेल. खोबरेल चिकट होतं आणि व्हॉल्व्ह बसतो. शिवणयंत्राचं तेलही नको, ते श्वासावाटे अंगात जाऊ नये. माउथपीस अडकला तर पकडीने पिळू नका, नळी पिळवटते. तो काढायचं वेगळं साधन मिळतं, बँडवाल्यांकडे असतं.

म्हापसा_ट्रंपेट

पेडणेकरांच्या पोस्टला जोड देतो. १९ डिसेंबर (गोवा मुक्तिदिन) आणि २६ जानेवारीच्या संचलनात मुलं उन्हात ताटकळत उभी असतात. नळीतली हवा तापली की सगळ्या वाद्यांचा सूर चढतो. सावलीत जुळवलेलं तसंच न ठेवता मैदानावर गेल्यावर पुन्हा जुळवा, ट्यूनिंग स्लाइड थोडी बाहेर घ्यावी लागते. ट्रॉम्बोनवाल्यांना हे कानानेही सावरता येतं, हा त्यांचा फायदा मान्य करतो.

डिचोलीची_आई

सगळं वहीत उतरवून घेतलं. मुलगी रोज वाजवतेय, सा आणि प स्थिर लागायला लागले आहेत. आता आजोबांना उत्साह आलाय. चवथीला आरतीत घुमट या मातीच्या तालवाद्याबरोबर तिने ट्रॉम्बोन धरावा अशी त्यांची इच्छा आहे. ते काळी एकमध्ये गातात. तिला त्या पट्टीत काही म्हणजे काही जमत नाही. काय करावं?

सासष्टीचा_बँडवाला

वा, आजोबांना नमस्कार सांगा. अडचण पट्टीची आहे, मुलीची नाही.

ट्रॉम्बोनचा मोकळा सूर बी फ्लॅट, म्हणजे हार्मोनियमवरची काळी पाच. ती सध्या शिकतेय ते सगळं काळी पाचच्या सा मध्ये. काळी एकमध्ये सा च पाचव्या जागेवर जातो आणि बाकीचे सूरही दूरदूर पडतात, नवशिक्याने तिकडे जाऊ नये. आजोबांचा आवाज एक स्वर चढा चालत असेल तर काळी दोन धरा. तिथे ट्रॉम्बोन अगदी सुखात असतो: सा तिसऱ्या जागेवर, रे पहिल्या, ग चौथ्या, म तिसऱ्या, प पहिल्या, ध तिसऱ्या, नी पहिल्या. हात कुठेही फार लांब न्यावा लागत नाही. फक्त मध्य पंचमाच्या वर जायला सध्या लावू नका, ओठांना ते सूर अजून उंच आहेत. मंद्र पंचम पहिल्या जागेवर मिळतो, मंद्र निषाद चौथ्या. मंद्र धैवत तेवढा सहाव्या जागेवर आहे, तो आजोबांनी गावा आणि तिने तिथे श्वास घ्यावा.

घुमटाच्या आवाजापुढे ट्रॉम्बोन भारी पडतो, म्हणून तोंड गाणाऱ्यांकडे न करता थोडं खाली, जमिनीच्या दिशेने धरायला सांगा. आरतीची सगळी चाल वाजवायची गरज नाही. ध्रुवपदाला सा आणि प लांब धरून ठेवले तरी पुरे.